जुनं घर घेताना: नागपूरच्या घरांत आधी काय तपासायचं आणि का

प्रश्न थोडक्यात असा. मानेवाडा भागात २००४ साली बांधलेलं स्वतंत्र घर घ्यायचं आहे. तळमजला मूळचा, वरच्या दोन खोल्या काही वर्षांनी चढवलेल्या. खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघाल्या आहेत, त्यातल्या काही ताज्या पुट्टीने बुजवलेल्या दिसतात. वरच्या छताला एका जागी पिवळट डाग आहे. कूलरच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात. यात गंभीर काय, आधी काय दुरुस्त करायचं आणि घर घ्यावं की सोडावं?

आधी क्रम ठरवू. जीव घेऊ शकणारे दोष पहिले, इमारत पोखरणारे दुसरे, नुसते डोळ्यांना खुपणारे शेवटी. घर पाहायला जाणारे बहुतेक लोक भेगांनी धास्तावतात आणि झिणझिण्यांकडे ‘कूलर आहे, होतं असं’ म्हणून दुर्लक्ष करतात. तुमच्या यादीतली सगळ्यात धोकादायक गोष्ट त्या झिणझिण्याच आहेत.

पत्र्याला करंट येतो तेव्हा दोन गोष्टी एकदम बिघडलेल्या असतात. पंपाची किंवा मोटरची वायर कुठेतरी सोललेली वा ओलावलेली असते, आणि तो करंट जमिनीत नेणारं अर्थिंग जागेवर नसतं. पायात चप्पल आणि फरशी कोरडी असेल तर नुसत्या झिणझिण्या जाणवतात. तोच माणूस अनवाणी, ओल्या फरशीवर, एका हाताने पाण्याचा पाइप धरून टाकी भरत असेल तर हृदय बंद पडू शकतं. म्हणून कूलर बदलून प्रश्न सुटत नाही. घराचं अर्थिंग आधी तपासायला हवं. हे काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या, पण तो काय तपासतो आहे ते समजून घ्या.

मल्टिमीटरने प्रत्येक तीन-पिन सॉकेटवर तीन मोजमापं घ्यायची. फेज म्हणजे करंट आणणारी तार, न्यूट्रल म्हणजे तो परत नेणारी. फेज-न्यूट्रल २२० ते २४० व्होल्ट, फेज-अर्थ जवळपास तेवढेच आणि न्यूट्रल-अर्थ साधारण १ ते ३ व्होल्ट. घरात लोड, म्हणजे विजेची उपकरणं, चालू असतानाच मोजायचं. फेज-अर्थचा आकडा १०० ते १५० मध्ये हेलकावे खात असेल तर अर्थची तार कुठेतरी तुटली आहे. आकडा बरोबर आला तरी पूर्ण विश्वास ठेवू नका, कारण मीटर फार कमी करंट घेतो आणि गंजलेल्या जोडातूनही तेवढा जातो. त्यासाठी फेज आणि अर्थमध्ये १०० वॉटचा साधा बल्ब लावून पाहतात. तो पूर्ण तेजाने पेटला तर अर्थ ठीक, मिणमिणला तर नाही. घरात चालू स्थितीतला आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती होताच वीज तोडणारा स्विच, असेल तर बल्ब लावताक्षणी तो पडेल, म्हणजे वीज बंद करेल. ते चांगलंच लक्षण आहे.

इथे एक फसवणूक सर्रास सापडते. अर्थिंग नसलेल्या घरात सॉकेटच्या आतच न्यूट्रल आणि अर्थ पिन छोट्या तारेने जोडून दिलेले असतात. बल्ब झकास पेटतो, मीटरही बरोबर दाखवतो. पण पुढे कधी न्यूट्रल तुटला की फ्रिज, वॉशिंग मशीन, कूलर, सगळ्यांच्या पत्र्यावर थेट २३० व्होल्ट येतात. भरपूर लोड चालू असूनही न्यूट्रल-अर्थ अगदी शून्य दिसत असेल तर मेन बंद करून दोन-तीन सॉकेट उघडायला लावा. घरमालक कुरकुरला तरी उघडायला लावा.

मग अर्थिंगचा खड्डा पाहायचा. चांगलं अर्थिंग म्हणजे किमान अडीच मीटर लांबीचा, साधारण ४० मिमी व्यासाचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा) पाइप, भोवती कोळसा-मिठाचे थर, घराच्या पायापासून दीड मीटर तरी लांब. हल्ली कॉपर-बाँडेड रॉड आणि तयार कंपाउंड वापरतात, तेही चालतं. घरासाठी रोध ५ ओहमच्या आत असावा, असं वायरमनला स्पष्ट सांगा आणि अर्थ टेस्टरने मोजून घ्या. आपल्याकडची काळी माती ओली असताना उत्तम वाहक असते, पण एप्रिल-मेमध्ये ती आक्रसते आणि पाइपापासून सुटून मध्ये फट पडते. म्हणजे कूलर जेव्हा दिवसरात्र चालतात, नेमकं तेव्हाच अर्थिंग सगळ्यात कमकुवत असतं. पावसाळ्यात घेतलेलं मोजमाप म्हणून पुरेसं नाही. उन्हाळ्यात खड्ड्यात दोन-तीन दिवसांआड बादलीभर पाणी जायला हवं. एसीचं ठिबकणारं पाणी नळीने तिकडे वळवलं तर हे आपोआप होतं.

अर्थिंग दुरुस्त केल्यावर आरसीसीबी. सिंगल फेज घराला ४० अँपिअर, ३० मिलीअँपिअरचा दोन पोलचा पुरतो. १०० किंवा ३०० मिलीअँपिअरचे आगीपासून बचावासाठी असतात, माणूस वाचवायला ते उपयोगाचे नाहीत, त्यामुळे वर छापलेला आकडा स्वतः वाचा. महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबायचं. मात्र हे बटण फक्त उपकरणाची आतली यंत्रणा तपासतं. घराला अर्थिंग नसलं तरी बटण दाबल्यावर तो पडतोच, म्हणून ‘बटण चालतं’ हा अर्थिंगचा पुरावा नाही.

काही जुन्या घरांत आरसीसीबी बसवलेला असतो, पण दोन्ही बाजूंच्या तारा थेट जोडून त्याला वळसा दिलेला असतो. कारण बहुधा इन्व्हर्टर. इन्व्हर्टरवरच्या आणि मेनवरच्या पॉइंटांचा न्यूट्रल एकच केला की आत गेलेला आणि परत आलेला करंट जुळत नाही, आरसीसीबी सारखा पडतो, आणि कंटाळून कोणीतरी तो बायपास करतो. इन्व्हर्टरवरच्या पॉइंटांचा न्यूट्रल वेगळा काढून त्यांना इन्व्हर्टरमधून बाहेर येणाऱ्या लाइनवर स्वतंत्र आरसीसीबी द्यायचा, हा उपाय. घर आधीच वायर केलेलं असेल तर एक-दोन दिवसांचं काम आहे, पण टाळू नका.

एमसीबी (जास्त करंट गेला की वीज तोडणारा स्विच) आणि वायर जुळतात का तेही बघा. लाइट-पंख्याला १.५ चौरस मिमी वायर आणि ६ किंवा १० अँपिअरचा एमसीबी, पॉवर सॉकेटला २.५ आणि १६, दीड टनाच्या एसीला ४ चौरस मिमी आणि २० अँपिअर. एसी नंतर बसवलेल्या घरात २.५ च्या वायरवर ३२ चा एमसीबी हमखास दिसतो, कारण लहान एमसीबी वारंवार पडत होता. मोठा बसवल्यावर तो पडायचा थांबतो आणि भिंतीतली वायर तापायला लागते. सॉकेटची कड तपकिरी झाली असेल, प्लग काढताना गरम लागत असेल, तर हेच चाललं आहे.

कूलरबद्दल अजून थोडं, कारण हे यंत्र आपल्या घराचा भाग झालं आहे आणि तपासणीत ते कोणी धरत नाही. अर्थची तार पत्र्यावरचा रंग खरवडून, लग आणि बोल्टने घट्ट बसलेली असावी. पंपाच्या वायरला टाकीच्या आत जोड नको. टेप गुंडाळलेला जोड पाण्यात बुडलेला दिसला की तो पंप बदलायचा. हंगाम सुरू होण्याआधी मोटर आणि पंप ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन मोजायच्या यंत्रावर) तपासून घ्या. वाइंडिंग आणि बॉडीमधला रोध १ मेगाओहमपेक्षा कमी आला तर तो कूलर लावू नका. कूलर खिडकीच्या ग्रिलला टेकलेला असेल तर ग्रिलमध्येही करंट उतरतो, आणि त्या ग्रिलला बांधलेली कपडे वाळवायची लोखंडी तारसुद्धा जिवंत होते. तार काढून नायलॉनची दोरी बांधा. पाणी भरताना प्लग काढलेलाच हवा, नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही, कारण बटण चुकून न्यूट्रलवर बसवलेलं असू शकतं. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून कोरडी पुसा, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच वाढतात.

जिवाशी संबंधित आणखी दोन-तीन गोष्टी पटकन. न्हाणीघरात गॅस गीझर असेल तर तो आत नकोच. बंद खोलीत ऑक्सिजन कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नसतो, आणि थंडीत लोक खिडकी बंद करून आंघोळ करतात. गीझर बाहेरच्या भिंतीवर उघड्या हवेत हलवायचा आणि पाण्याची लाइन आत आणायची. विजेच्या गीझरवर प्रेशर सोडणारा व्हॉल्व्ह असतो. तो ठिबकतो म्हणून कोणी बूच ठोकलं आहे का ते पाहा, असेल तर गीझर लगेच बंद. स्वयंपाकघरात गॅसची नळी सुरक्षा छापाची, दीड मीटरच्या आत आणि पाच वर्षांपेक्षा जुनी नसावी. गळतीची शंका आली तर साबणाच्या फेसाने बघा, काडीने नाही. तातडीसाठी १९०६ हा क्रमांक आहे. गच्चीचा कठडा किमान १ मीटर हवा. मजला चढवताना कोबा वाढत गेला की जुना कठडा अडीच फुटांवर येतो. रेलिंगच्या सळयांमधली फट १०० मिमीपेक्षा जास्त नको, लहान मूल त्यातून डोकं घालतं. आणि वर चढवलेल्या खोल्यांजवळून ११ केव्हीची (११,००० व्होल्टची) लाइन जात असेल तर आडवं अंतर किमान १.२ मीटर आणि गच्चीपासून उभं अंतर ३.७ मीटर हवं. यापेक्षा कमी असेल तर लाइन हलवण्याचा अर्ज महावितरणकडे कोण आणि कोणाच्या खर्चाने करणार, हे सौद्याआधी ठरवा. संक्रांतीला पतंगासाठी सगळी मुलं त्याच गच्चीवर असतात.

आता भेगा. काळ्या मातीत पावसाळ्यात फुगणं आणि उन्हाळ्यात आक्रसणं हे दरवर्षी होतं, आणि साधारण साडेतीन मीटर खोलीपर्यंत त्याचा परिणाम पोचतो. पाया त्याच्या वरच थांबलेला असेल तर घर वर-खाली हलतं. सगळीकडे माती सारखी नसते, टेकड्यांच्या बाजूला मुरूम-खडक लवकर लागतो, सखल भागात काळी माती खोल असते. शेजारी कुठे पाया खणत असतील तर जाऊन पाहा, पाच मिनिटांत कळेल आपलं घर कशावर उभं आहे.

भेगेचा आकार बोलतो. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली, वर रुंद आणि खाली बारीक भेग म्हणजे घराचा कोपरा खाली जातो आहे. खाली रुंद असेल तर बहुधा मधला भाग बसतो आहे, किंवा पावसाळ्यात कडा वर उचलल्या गेल्या आहेत. १ मिमीच्या आतल्या केसासारख्या भेगा प्लास्टरच्या असतात, त्या सोडून द्या. ३ मिमीच्या वर, विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी जाणारी आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना दिसणारी भेग गंभीर धरायची. तुम्ही घर मे महिन्यात पाहिलं असेल तर भेगा बहुधा सगळ्यात रुंद अवस्थेत पाहिल्या. ऑगस्टमध्ये त्याच बारीक दिसू शकतात. दारं पावसाळ्यात अडकतात आणि उन्हाळ्यात सुटतात का, हा प्रश्न मालकाला नव्हे, शेजाऱ्यांना विचारा.

पुट्टीने भेग बुजवणं निरुपयोगी आहे, पुढच्या हंगामात ती त्याच जागी उघडते. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी पीओपीने चिकटवून तारीख लिहून ठेवायची. पट्टी तडकली तर हालचाल चालू आहे. दुरुस्ती करायची ती आधी पाण्याची. घराभोवती ७५० ते ९०० मिमी रुंद सिमेंटचा पट्टा, भिंतीकडून बाहेर उतार, गच्चीचे पाइप थेट पायाशी न सोडता नालीपर्यंत. भिंतीला लागून कुंड्या, केळी, बाग नको. गडर लाइन (सांडपाण्याची लाइन) न पोचलेल्या लेआउटमध्ये सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा कुठे आहे ते पाहा. शोषखड्डा पायाजवळ असला तर एका बाजूची माती बारा महिने ओली राहते, दुसरी सुकते, आणि घर तिरपं होतं. कंपाउंडमध्ये बसवलेले गट्टू (सिमेंटचे पेव्हर ब्लॉक) भिंतीकडे उताराचे झाले असतील तर तेही उलटून बसवावे लागतील.

गुप्त गळती शोधायची सोपी रीत आहे. सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचं छोटं चक्र बघा. फिरत असेल तर जमिनीत कुठेतरी पाइप फुटला आहे. जमिनीतल्या टाक्यासाठी आवक बंद करून पातळीवर खूण करा आणि २४ तासांनी बघा. काळ्या मातीत टाक्याच्या कोपऱ्यांना तडे जातात, आणि ते पाणी पायालाच मिळतं. टाकं चेंबरजवळ असेल तर उलट घाण पाणी आत येतं. ते साफ करायला माणूस एकटा उतरवू नका, बंद टाक्यात श्वास कोंडून मृत्यू होतात. झाकण बराच वेळ उघडं ठेवा, हवा खेळवा आणि वर दुसरा माणूस दोरी धरून उभा ठेवा. ही सगळी पाण्याची कामं झाल्यावर एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्या. भेग स्थिर झाली की ती कोरून पॉलिमर मॉर्टर भरायचं आणि दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच फायबर जाळी लावून प्लास्टर करायचं.

वरच्या खोलीत स्लॅबच्या लगेच खाली, भिंतीच्या माथ्यावर आडवी सरळ भेग दिसली तर तिचा पायाशी संबंध नाही. ती उन्हाची आहे. मे महिन्यात हवा ४५ अंशांवर जाते, स्लॅब त्याहून खूप तापतो. १० मीटर लांब स्लॅबचं तापमान ३० अंशांनी बदललं तर तो सुमारे ३ मिमी लांबतो आणि भिंतीवरून सरकतो. तिथे सिमेंट भरू नका, लवचीक सीलंट भरा आणि गच्चीवर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा चायना मोझॅक किंवा पांढरा परावर्तक लेप द्या. खोलीही थंड राहते.

पिवळट डागाचं मूळ वर आहे. गच्चीवर पाणी कुठे साचतं ते पाहा. उतार १०० ला १ असावा आणि साधारण ४०० चौरस फुटांमागे ४ इंची एक पाइप. सोलरचे पाय कोबा भोकसून बोल्ट केलेले असतील तर गळती बहुतेक तिथूनच. खात्रीसाठी गच्चीवर दोन इंच पाणी ४८ तास बांधून ठेवतात. मात्र आधी खालून स्लॅब तपासा. दोन इंच पाण्याचं वजन चौरस मीटरला ५० किलो होतं, आणि सळया उघड्या पडलेल्या स्लॅबवर ते चढवणं धोक्याचं आहे.

खालून तपासायचं ते हलक्या हातोडीने. भरीव आवाज ठीक, भदभद आवाज आला तर सळई गंजून फुगली आहे आणि काँक्रीटचा थर सुटला आहे. पीओपीचं फॉल्स सीलिंग असेल तर एक-दोन लाइट खाली उतरवून टॉर्चने आत बघू द्या, असं सांगा. ताजं फॉल्स सीलिंग फक्त एकाच खोलीत असेल तर जरूर बघा. दुरुस्ती अशी: खाली टेकू देऊन सुटलेलं काँक्रीट सळईच्या मागे २० मिमीपर्यंत कोरणं, सळई वायर ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासणं, झिंक प्रायमर, बाँडिंग कोट आणि १० ते १२ मिमीच्या थरांत पॉलिमर मॉर्टर. सळई खूप झिजली असेल तर जोडीला नवी. नुसतं प्लास्टर मारलेलं दोन पावसाळ्यांत खाली पडतं, कधी कधी अंगावर.

वाळवीसाठी चौकटीच्या बुडाशी आणि पायऱ्यांखाली मातीच्या नळ्या शोधा. औषध फरशी-भिंतीच्या सांध्यात ३०० मिमी अंतरावर १२ मिमीची भोकं पाडून देतात. कंपाउंडमध्ये विहीर किंवा बोअर असेल तर औषध देणाऱ्याला आधीच सांगा, त्याच्या आसपास ते जिरवू देऊ नका.

सगळ्यात महाग ठरू शकणारी गोष्ट तुमच्या प्रश्नात ओझरती आली आहे: वरच्या खोल्या नंतर चढवल्या. तळमजल्याचे कॉलम दोन मजल्यांसाठी होते का? मंजूर नकाशा मागा, तो मनपाचा की नासुप्रचा (नागपूर सुधार प्रन्यासचा) आणि त्यात वरचा मजला आहे का ते बघा. ९ इंची कॉलमात १२ मिमीच्या चारच सळया असतील आणि वर दोन खोल्यांसह हजार लिटरची टाकी, म्हणजे आणखी एक टन, मधल्या स्लॅबवर ठेवलेली असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअर लावा. रिबार लोकेटर (काँक्रीटमधल्या सळया शोधणारं यंत्र) आणि रिबाउंड हॅमर (काँक्रीटचा मजबूतपणा जोखणारं यंत्र) यांची तपासणी एका दिवसात होते. कॉलमवर सळईच्या रेषेत उभ्या भेगा, किंवा बीम कॉलमला मिळते तिथे तिरपी भेग दिसली, तर किंमत कितीही उतरली तरी इंजिनिअरच्या लेखी अहवालाशिवाय इसार देऊ नका.

कॉलम ठीक निघाले तर बाकी सगळं दुरुस्त होण्यासारखं आहे, घर घ्यायला हरकत नाही. अर्थिंग, आरसीसीबी, गीझर आणि कठडा राहायला जाण्याआधी. सिमेंटचा पट्टा, गच्चीचे पाइप आणि वॉटरप्रूफिंग जूनच्या पहिल्या पावसाआधी, कारण त्यानंतर मिस्त्री मिळत नाहीत आणि कोबा सुकत नाही. भेगांची दुरुस्ती आणि रंग पुढच्या वर्षी. इसारपत्रात विजेचं काम आणि स्लॅबची दुरुस्ती कोण करणार हे वेगळ्या कलमांत लिहून घ्या, आणि मालक करणार असेल तर सळया उघड्या असतानाचे, म्हणजे मॉर्टर भरण्याआधीचे, फोटो देण्याची अट घाला.